शोकाचे रूप : तैयब मेहता यांच्या चित्रांतील मिथक आणि विधी

१

मृताला निरोप देण्यासाठी प्रत्येक समाजाने आपापले विधी निर्माण केले आहेत. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर ताटकळणारे आप्त असोत, की दफनानंतर चाळिसाव्या दिवशी फातेहा पढण्यासाठी एकत्र आलेले कुटुंब असो, या विधींचे कार्य बव्हंशी एकच असते. ते मृताचे नाव उच्चारतात, त्याच्या देहाला एक ठिकाण देतात आणि मागे राहिलेल्यांना नित्याच्या व्यवहाराकडे परतण्याची मुभा देतात. परंतु ज्याचे नाव पाहणाऱ्याला ठाऊक नाही आणि ज्याच्याशी पाहणाऱ्याचे नातेही नाही, अशा रस्त्यावर मारल्या गेलेल्या माणसाचा शोक कोणी आणि कोणत्या विधीने करावयाचा? फाळणीच्या काळातील हिंसाचाराने हा प्रश्न भारतीय कलावंतापुढे उभा केला. तैयब मेहता (१९२५–२००९) यांच्या चित्रांचा विचार या प्रश्नापासून सुरू करणे उचित ठरते.

मेहतांच्या चित्रांविषयी गेल्या काही वर्षांत जे बोलले गेले, त्यातील पुष्कळसा भाग त्यांच्या किमतींनी व्यापला आहे. ‘सेलिब्रेशन’ (१९९५) हे त्रिफलक २००२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना विकले गेले. २००५ साली त्यांच्या ‘महिषासुर’ या चित्राने दहा लाख डॉलरांची मर्यादा ओलांडली. या आकड्यांमुळे चित्रकाराचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले; मात्र एकाच प्रतिमेपाशी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या आणि न पटलेले कॅनव्हास स्वतः नष्ट करणाऱ्या या अल्पप्रसव कलावंताचा मूळ शोध कशाचा होता, हा विचार मागे पडला.

२

मेहतांचा जन्म गुजरातेतील कपडवंज येथे झाला. ते वाढले मात्र मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील दाऊदी बोहरा समाजात. हा समाज शिया परंपरेतील असून मुहर्रमचे पहिले दहा दिवस तेथे करबलाच्या हुतात्म्यांच्या स्मरणात जातात. इसवी सन ६८० मधील एका हत्याकांडाचा शोक शतकानुशतके, दर वर्षी, छातीवर हात मारून जिवंत ठेवणारी ही परंपरा आहे. मेहता धार्मिक वृत्तीचे चित्रकार नव्हते आणि मुहर्रमची दृश्ये हा त्यांच्या चित्रांचा विषयही झाला नाही. तरीही, शोक ही केवळ मनातील भावना नसून शरीराने पार पाडावयाची, सामूहिक आणि पुनरावृत्त क्रिया असते, ही जाण ज्या वातावरणात लहानपणापासून मिळते, त्या वातावरणातून ते आले होते, एवढी नोंद घेणे गैर ठरू नये.

१९४७ साली महंमद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाकडून ठार होताना पाहिले. या प्रसंगाविषयी ते पुढे अनेकदा बोलले. दगडांनी ठेचलेले ते डोके आणि ते पाहून आपल्याला भरलेला ताप ते विसरू शकले नाहीत. या प्रसंगात पाहणाऱ्याचे स्थान विशेष लक्षात घ्यावयास हवे. तो वर, खिडकीत उभा आहे. मरणारा खाली, रस्त्यावर आहे. दोघांमध्ये अंतर आहे आणि ते ओलांडून खाली जाणे शक्य नाही. पाहणाऱ्याला मृताचा आप्त होता येत नाही, मारेकऱ्यांचा प्रतिकार करता येत नाही आणि आपण काही पाहिलेच नाही असेही म्हणता येत नाही. साक्षीदाराची ही असहायता मेहतांच्या चित्रांच्या मुळाशी आहे.

त्या सुमारास ते फेमस स्टुडिओमध्ये चित्रपट-संकलनाचे काम शिकत होते. तेथून ते सर ज. जी. कलाशाळेत गेले आणि १९५२ साली तेथील शिक्षण पूर्ण केले. अकबर पदमसी यांच्यामुळे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांशी त्यांचा संबंध आला. संकलनाच्या टेबलावरील ही उमेदवारी चरित्रकार सहसा एका वाक्यात उरकतात. मेहतांच्या रेषेचा स्वभाव समजून घेताना मात्र तिचे महत्त्व वाढते. त्याचा विचार पुढे यथास्थळी येईल.

३

रस्त्यावरचा तो प्रसंग मेहतांनी जसाच्या तसा रंगवला नाही. त्याऐवजी १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या चित्रांत आला तो बांधलेला बैल. कत्तलखान्यात मारण्यापूर्वी बैलाचे चारही पाय बांधून त्याला आडवा पाडतात. एवढे प्रचंड बळ असलेला प्राणी त्या क्षणी केवळ मांसाचा गठ्ठा होऊन पडतो. शक्ती आहे, पण तिला वाव नाही. जीव आहे, पण तो जाणार हे ठरलेले आहे. खिडकीतल्या साक्षीदाराची आणि रस्त्यावरच्या बळीची, अशा दोघांचीही अवस्था या एका प्रतिमेत सामावली. १९५६ सालच्या ‘बांधलेला बैल’ या चित्रात रंगाचे जाड थर आहेत. देहाचे वजन रंगाच्या वजनातूनच व्यक्त झाले आहे.

१९५९ ते १९६४ ही वर्षे मेहतांनी लंडनमध्ये काढली. फ्रान्सिस बेकनच्या चित्रांतील विदीर्ण देहांशी त्यांच्या या काळातील आकृतींचे नाते समीक्षकांनी दाखविले आहे आणि ते खरेही आहे. मात्र एक भेद नोंदवला पाहिजे. बेकनची आकृती एका बंद खोलीत, एकटी, स्वतःच्या मांसाशी झगडत असते. तिच्या यातनेला इतिहासाची गरज भासत नाही. मेहतांच्या आकृतीवर कोसळलेली आपत्ती बाहेरून आलेली आहे. ती आपत्ती कोणती, हे चित्र सांगत नाही. परंतु ती आली आहे याविषयी शंका ठेवत नाही.

भारतात परतल्यानंतर १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी ‘कोसळणारी आकृती’ या सूत्रावर चित्रे केली. १९६८ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले, ते याच मालिकेतील चित्रासाठी. या आकृतीचे हातपाय विखुरलेले असतात, तोंड उघडे असते आणि ती खाली येत असते. परंतु ती कोठून पडली, हे दिसत नाही आणि ती जमिनीला कधीच टेकत नाही. वर कडा नाही, खाली भूमी नाही. ज्याला जमीन मिळाली नाही, त्याला दफनही नाही आणि दहनही नाही. ज्या मृतासाठी कोणताही विधी झाला नाही, तो असाच अधांतरी राहतो, अशी लोकसमजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. पिशाच, समंध, भटकणारा आत्मा ही तिचीच नावे. मेहतांनी या समजुतीतील भय वगळले आणि तिच्यातील सत्य तेवढे ठेवले. पडणे पूर्ण होत नाही, म्हणून शोकही पूर्ण होत नाही. जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत ही आकृती त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येत राहिली. कधी माणूस म्हणून, तर कधी कोसळणारा पक्षी म्हणून.

४

१९६८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर मेहता न्यूयॉर्कला गेले. बार्नेट न्यूमन या चित्रकाराचे विशाल, सपाट रंगक्षेत्र आणि त्याला भेदून जाणारी एकच पट्टी यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. परतल्यावर त्यांच्या चित्रांतून रंगाचे जाड थर नाहीसे झाले. त्यांची जागा एकसंध, सपाट रंगांच्या पातळ्यांनी घेतली आणि चित्रावकाशाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाणारी एक तिरपी रेषा अवतरली. ही कर्णरेषा आकृतीला मधोमध छेदते. तिच्या एका बाजूचे धड दुसऱ्या बाजूच्या पायांशी नीट जुळत नाही. हात एका रंगात संपतो आणि दुसऱ्यात पुढे चालू होतो.

या रेषेचा अन्वयार्थ सामान्यतः फाळणीची रेषा असा लावला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नकाशावरील रेषा केवळ विभागते. संकलकाच्या टेबलावरची कात्री मात्र फीत कापते ती जोडण्यासाठीच. मराठीत या कामाला ‘संकलन’ म्हणजे एकत्र आणणे असा शब्द रूढ आहे, हे येथे अर्थपूर्ण वाटते. दोन दृश्यांतील छेद जेथे असतो, तेथेच त्यांचा संबंधही जन्माला येतो. मेहतांची कर्णरेषा या दोन्ही अर्थांनी छेद आहे. ती देहाला तोडते आणि तुटलेल्या देहाचे दोन भाग एका चौकटीत समोरासमोर आणून ठेवते.

१९७० साली त्यांनी ‘कूडल’ हा लघुपट केला. फिल्म्स डिव्हिजनच्या या सुमारे सोळा मिनिटांच्या कृतीला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. वांद्र्याच्या कत्तलखान्यातील बैलांची दृश्ये त्यात आहेत. रस्त्यावरील माणसांची गर्दीही आहे. शीर्षकाचा तमिळ शब्द मीलन, संगम या अर्थाचा आहे. कत्तलीच्या दृश्यांना मीलनाचे नाव देणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु मेहतांच्या पुढील चित्रांकडे जाण्याची वाट याच विसंगतीतून निघते. छेद आणि संयोग, मारणे आणि मिठी या विरोधी क्रिया एकाच रूपबंधात बसू शकतात, याची पहिली चाहूल येथे लागते.

५

१९८४–८५ मध्ये मेहता विश्वभारतीचे निमंत्रित कलावंत म्हणून शांतिनिकेतनात राहिले. तेथील संथाळांच्या चडक उत्सवाच्या अनुभवातून त्यांचे मोठे ‘शांतिनिकेतन’ त्रिफलक आकाराला आले. बंगालात चैत्राच्या अखेरीस होणाऱ्या चडकामध्ये भक्त स्वतःच्या शरीराला गळ टोचून घेतात आणि उंच खांबावर गरगर फिरतात. महाराष्ट्रातील वाचकाला यावरून बगाडाची आठवण व्हावी. वेदना येथे लपवली जात नाही. ती वाद्यांच्या गजरात, समूहाच्या साक्षीने, नवस फेडण्यासाठी स्वीकारली जाते.

सुमारे तीस वर्षे ज्या चित्रकाराने निमूट आणि एकाकी यातना रंगविली, त्याला येथे यातनेला समूह आणि ताल मिळालेला दिसला. मुंबईच्या रस्त्यावर जमावाने माणूस मारला होता. बीरभूमच्या माळावर समूह माणसाला तोलून धरत होता. जमाव आणि समूह यांतील हा भेद त्रिफलकाच्या रचनेतही उतरला आहे. अनेक आकृती, पशू आणि स्त्री-पुरुष तीन फलकांवर पसरले आहेत. ते एकमेकांपासून तुटलेले आहेत, पण कोणीही एकटे नाही. दहा वर्षांनंतरचे ‘सेलिब्रेशन’ या त्रिफलकाचेच पुढचे पाऊल आहे. त्याच्या नावातील उत्सव आनंदाचा असला, तरी त्या नृत्यातील अवयवांची मोडतोड विसरता येत नाही. विधीने दुःख नाहीसे केलेले नाही. त्याला उभे राहण्यास जागा दिली आहे.

६

मिथक मेहतांच्या चित्रांत येते ते या विधीच्या मागोमाग. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काली आली. निळसर देहाची आणि लाल, वासलेल्या तोंडाची ही काली पूजेच्या मूर्तीपेक्षा कोसळणाऱ्या आकृतीला अधिक जवळची आहे. त्या आकृतीचे उघडे तोंडच जणू कालीला मिळाले आहे. पूर्वी ते किंकाळीचे होते. आता ते गिळणारेही झाले आहे. बळीचा आक्रोश आणि संहारकाची भूक यांना एकच तोंड देण्याचे धाडस या चित्रांत आहे.

त्यानंतरच्या दशकात महिषासुराची चित्रे आली. देवीमाहात्म्यातील कथा सुपरिचित आहे. देवी रेड्याच्या मानेवर पाय देते, शूल खुपसते, रेड्याच्या मुखातून असुर अर्धा बाहेर येतो आणि त्याच अवस्थेत त्याचा शिरच्छेद होतो. शिल्पकारांनी या कथेतील वेगवेगळे क्षण निवडले. मामल्लपुरमच्या पल्लव शिल्पात रेड्याच्या मुखाचा, मानवी देहाचा महिष अजून पडलेला नाही. तो देवीसमोर गदा घेऊन उभा आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातही तो तुल्यबळ योद्धा आहे. बंगालच्या पूजेतील मूर्तीत मात्र तो देवीच्या पायाशी, छातीत भाला घेऊन पडलेला असतो.

मेहतांनी यापैकी एकही क्षण घेतला नाही. त्यांच्या चित्रात देवी आणि महिष एकमेकांत गुंतलेले आहेत. तिचा हात कोठे संपतो आणि त्याचा पाय कोठे सुरू होतो, हे डोळ्याला सहज उलगडत नाही. रेड्याची मान वळलेली आहे. तिची आकृती त्याच्यावर ओणवली आहे. शस्त्राचा वार आणि आलिंगन यांच्या रेषा एकच झाल्या आहेत. सपाट रंगांच्या पातळ्यांना येथे नवे काम मिळाले आहे. एकच पातळी दोघांच्या देहांतून जाते, त्यामुळे रंगाच्या दृष्टीने मारणारा आणि मरणारा असा भेद उरत नाही.

ही कल्पना चित्रकाराच्या लहरीतून आलेली मानण्याचे कारण नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात महाराष्ट्रातील म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला आणि जी देवी एके ठिकाणी महिषाला मारते, तीच दुसऱ्या ठिकाणी म्हसोबाची पत्नी असते, याकडे लक्ष वेधले. पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबा आणि जोगूबाई यांचे लग्न दर वर्षी यात्रेत लागते. पुराणाने ज्याला असुर म्हणून मारले, त्याला धनगर आणि कुणबी यांनी शेंदूर लावून शेताच्या बांधावर बसविले. हा मेहतांवरील प्रभावाचा प्रश्न नव्हे. मिथकाच्या पोटात जे नाते लोकपरंपरेने जपले होते, त्याच नात्यापर्यंत एक आधुनिक चित्रकार स्वतःच्या वाटेने पोहोचला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

७

या चित्रांवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, एवढी स्वच्छ, शांत आणि नेमकी रंगरचना शोकाला मानवत नाही. हिंसेचे येथे सौंदर्यात रूपांतर होते आणि ती दिवाणखान्यात टांगण्याजोगी होते. बाजाराने या चित्रांचे जे केले, त्यावरून हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तथापि विधीचे स्वरूप लक्षात घेतल्यास त्याची धार कमी होते. श्राद्धाचा मंत्र हुंदका नसतो. तो ठरलेल्या स्वरात, ठरलेल्या क्रमाने उच्चारला जातो आणि त्या नियमितपणामुळेच तो दुसऱ्याला, परक्यालाही उच्चारता येतो. मेहतांच्या रेषेचा संयम याच जातीचा आहे.

समकालीनांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. सोमनाथ होर यांनी १९७० नंतरच्या आपल्या ‘जखमा’ या मालिकेत आकृती जवळजवळ काढूनच टाकली आणि कागदाच्या पांढऱ्या लगद्यावर नुसता व्रण ठेवला. तेथे शोक आहे, पण तो मिथकाकडे जाण्यास नकार देतो. गणेश पाइन यांनी १९४६ च्या कोलकात्यातील दंगलीत बालवयात प्रेत पाहिले होते. टेंपरातील अंधाऱ्या, स्वप्नवत प्रतिमांतून आणि पुढे महाभारताच्या चित्रांतून त्यांचा शोक अंतर्मुख होत गेला. मेहतांची चित्रे या दोहोंच्या मध्ये उभी आहेत. ती जखमेपाशी थांबत नाहीत आणि स्वप्नातही शिरत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मारणारा आणि मरणारा यांना एकाच मिठीत बांधणे म्हणजे अपराध पुसून टाकणे नव्हे काय? १९९२–९३ मध्ये मुंबईचे रस्ते पुन्हा पेटले. त्याच दशकात, १९९६ पासून, देवतांच्या चित्रांवरून मकबूल फिदा हुसेन यांच्यावर खटले आणि हल्ले सुरू झाले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. अशा काळात मुस्लिम घरात जन्मलेला मेहतांसारखा चित्रकार काली आणि दुर्गा रंगवीत होता. त्याने महिषाची बाजू घेऊन देवीवर आरोप केला असता, किंवा देवीची बाजू घेऊन महिषाला नुसता असुर ठरविले असते, तर चित्राचा अर्थ लावणे सोपे झाले असते. परंतु दोन्ही वाटांनी १९४७ चा तो अनाम तरुण एखाद्या पक्षाच्या हिशेबात जमा झाला असता. मेहतांनी त्याचा धर्म चित्रात कोठेही येऊ दिला नाही. न्याय करणे हे न्यायालयाचे आणि इतिहासकाराचे काम आहे आणि ते टाळता येत नाही. शोकाचे काम वेगळे असते. आपण कोणाचा शोक करावा आणि कोणाचा करू नये, ही वाटणी नाकारण्यापासून त्याची सुरुवात होते.

२००९ साली मुंबईत मेहतांचे निधन झाले. कोसळणारी आकृती त्यांच्या कोणत्याच चित्रात जमिनीला टेकली नाही. महिषासुराच्या चित्रांत मात्र पडणाऱ्या देहाभोवती प्रथमच कोणाचे तरी हात आले. ते हात मारणारीचेच आहेत, ही या चित्रांतील अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. ती सौम्य करून पाहण्याचे कारण नाही. ज्या शहरात एकमेकांचे मारेकरी आणि एकमेकांचे शेजारी एकाच रस्त्यावर राहतात, तेथे मृताला उचलून घेण्यासाठी दुसरे हात कोठून येणार, हा प्रश्न ती चित्रे पाहणाऱ्याकडे सोपवितात.